डॉक्टर, ही तुमची कितवी?

दुर्बीण (धागाकर्ता)

गेली बावीस वर्षं मी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतोय. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, मोठं आतडं. एवढ्या वर्षांत पेशंटनी मला भुलीबद्दल विचारलं, टाक्यांबद्दल विचारलं, आणि कामावर कधी जाता येईल हे तर जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. "डॉक्टर, ही तुमची कितवी?" असं विचारणारे मात्र मोजून चार भेटले. पहिल्याने विचारलं तेव्हा खरं उत्तर "सातवी" असं होतं. मी म्हणालो, "काळजी करू नका, आमच्याकडे हे नेहमी होतं." त्यात खोटं काही नव्हतं, पण त्याने विचारलं त्याचं ते उत्तरही नव्हतं. तो बरा होऊन घरी गेला. मला ते वाक्य अजून टोचतं, म्हणून हा धागा काढतोय.

लोकांना वाटतं भोक छोटं म्हणजे शस्त्रक्रिया छोटी. आत जे करायचं ते तेवढंच असतं: तीच पित्ताची पिशवी सोडवायची, तीच धमनी बंद करायची. बदलते ती आत पोचण्याची वाट. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बेंबीजवळून कॅमेरा घालायचा, आणखी दोन-तीन भोकांतून लांब दांड्याची हत्यारं. दुखणं कमी होतं, जखम चिघळण्याचा त्रास कमी होतो, माणूस लवकर उठून चालायला लागतो. हे फायदे खरे आहेत, मी रोज पाहतो. पण त्याच्या बदल्यात सर्जनच्या बोटांचा स्पर्श जातो. खोलीचा अंदाज पडद्यावरच्या चित्रावरून बांधावा लागतो. दांडा भोकाच्या काठावर टेकलेला असल्याने हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. हे सगळं हाताला नव्याने शिकवावं लागतं, आणि ते शिकवलं जात असताना टेबलावर कोणीतरी झोपलेलं असतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण गाठ तिथेच आहे. जर्मनीत कील इथे कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० साली दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांचा परवाना काढून घ्या अशी मागणी झाली होती. १२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगेन गावात एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीने पहिलं पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या परिषदेत मांडलं, तर कोणी मनावर घेतलं नाही. नंतर एक पेशंट दगावल्यावर त्यांच्यावर खटला चालला. १९९० मध्ये ते निर्दोष सुटले आणि १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा गौरव केला. मधल्या काळात ल्योंला फिलिप मूरे, पॅरिसला फ्रान्स्वा द्युब्वा यांनी तेच केलं होतं, आणि मग जगभर लाट आली. शनिवार-रविवारच्या वर्गात डुकरांवर हात बसवून सोमवारपासून माणसांवर सुरुवात करणारे सर्जन त्या काळात होते. थांबून मोजू या, मग पसरवू या, असं म्हणायला कोणाला सवड नव्हती. छोट्या भोकांची मागणी पेशंटच करत होते, आणि जो सर्जन करत नाही त्याच्याकडे ते जाईनासे झाले होते.

त्याचा हिशोब १९९१ मध्ये आला. अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने १,५१८ शस्त्रक्रिया तपासल्या. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं एकूण प्रमाण ०.५ टक्के होतं. पण सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ पेशंटमध्ये ते २.२ टक्के होतं आणि त्यानंतरच्यांमध्ये ०.१ टक्का. म्हणजे बावीसपट फरक, आणि तो पडला कशाने, तर तुमचा नंबर कितवा लागला याने. पित्तनलिका कापली जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. कावीळ, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, आतड्याचा तुकडा यकृताला जोडणं, वर्षानुवर्षं ताप. ते पहिले १३ पेशंट कोण होते? त्यांना कोणी सांगितलं होतं का?

ही इजा कशी होते तेही जवळून पाहा. पिशवी वर ओढून धरली की तिच्या मानेपाशी चरबीचा एक पिवळा त्रिकोण दिसतो. त्यात पिशवीची बारीक नळी आणि धमनी असते. सूज असेल, किंवा पिशवी चुकीच्या दिशेने ओढली असेल, तर मुख्य नलिका सरळ रेषेत येऊन पिशवीच्याच नळीसारखी दिसते. हात स्थिर असतो, चित्र स्वच्छ असतं, आणि माणूस पूर्ण खात्रीने चुकीच्या नळीला क्लिप लावतो. २००३ मध्ये अशा २५२ इजा तपासल्या गेल्या, तेव्हा ९७ टक्क्यांमध्ये मूळ कारण हा दृष्टिभ्रम निघाला. म्हणून स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेली पद्धत मी पाळतो: त्रिकोण साफ करा, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवा, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या आहेत हे दिसेपर्यंत काहीही कापू नका. तिथे मी हात थांबवतो आणि समोरच्या असिस्टंटला विचारतो, "तुला किती दिसतात?" तो "दोन" म्हणेपर्यंत क्लिप हातात घेत नाही.

आता मी प्रत्येक पेशंटला न विचारता सांगतो: ही शस्त्रक्रिया मी किती वेळा केली आहे, त्यातल्या किती पोट उघडून कराव्या लागल्या, आणि शिकणाऱ्याचा हात कुठे असेल. तुमचं मत हवंय. डॉक्टरांचं हवंय, आणि टेबलावर झोपलेल्यांचं जास्त.

कवडसा

मला पुढच्या महिन्यात पित्ताशय काढायचंय. धागा वाचून आधी घाबरले, मग दोनदा वाचला. खरं सांगू का, विचारावंसं खूप वाटतं पण जीभ रेटत नाही. ज्यांच्या हातात आपला जीव द्यायचा, त्यांनाच "तुम्हाला येतं ना?" असं कसं विचारायचं? राग आला तर?

दुर्बीण

कवडसाताई, राग आला तर तेही एक उत्तरच समजा. शब्द हवे असतील तर हे घ्या: "ही शस्त्रक्रिया तुम्ही आतापर्यंत साधारण किती केल्यात? अडचण आली तर पोट उघडायचं कधी ठरवता? माझी कोण करणार, तुम्ही की तुमच्या हाताखालचे, आणि तुम्ही खोलीत असाल ना?" एवढं पुरे. यात अपमान काही नाही.

जुना सर्जन

धागाकर्त्यांचा प्रामाणिकपणा मान्य, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. प्रत्येकाने "मला दोनशेवी हवी" म्हटलं तर दोनशे होणार कुठून? सेम आणि म्यूहे यांनी संघटनेच्या परवानगीची वाट पाहिली असती तर आज कवडसाताईंच्या पोटावर वीतभर चीर गेली असती. दुसरं, आकडे फसवतात. अवघड केस नाकारणाऱ्याचा आकडा नेहमी चांगला दिसतो. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांनी परत पाठवलेले पेशंट घेतले. माझे आकडे भिंतीवर लावले असते तर माझ्याकडे कोणी फिरकलं नसतं, आणि त्या पेशंटना कोणी हातही लावला नसता.

तरी १९९० च्या सुमारास मी जे पाहिलं ते विसरलेलो नाही. माझ्याच पिढीतल्या एका चांगल्या सर्जनने दुसऱ्या की तिसऱ्या केसला मुख्य नलिका कापली. तो उघडी शस्त्रक्रिया डोळे मिटून करत असे. मोठेपणाची सवय लागली होती सगळ्यांना, विद्यार्थी व्हायला कोणी तयार नव्हतं. पन्नाशीतला प्राध्यापक कोणासमोर म्हणणार की मला हे येत नाही, शिकवा?

शेवटचं वर्ष

मी शिकणारी आहे, सर्जरीचं शेवटचं वर्ष. आमच्या बाजूचं सांगते.

पेटीत रबराचे तुकडे ठेवून, वर कॅमेरा लावून मी महिनोन् महिने गाठी मारल्या. सिम्युलेटरवर तास मोजून घेतात. त्याचा उपयोग होतो, हात उलटा चालवायची सवय तिथेच लागते. पण रबरातून रक्त येत नाही. सूज आलेली पिशवी पकडली की ती हत्यारातून निसटते, चिरडते, आणि पडदा एकदम लाल होतो, तेव्हा आपण काय करतो हे पेटी शिकवत नाही.

माझी पहिली केस झाली त्या बाईंना माझं नावही माहीत नव्हतं. संमतीपत्रावर सरांचं नाव होतं आणि खाली "व त्यांचे सहकारी" असं छापलेलं होतं. सर पूर्ण वेळ समोर उभे होते, दोनदा त्यांनी हत्यार काढून घेतलं. सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला त्या बाई सरांचे हात हातात घेऊन आभार मानत होत्या आणि मी मागे फाइल धरून उभी होते. श्रेय मिळालं नाही याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्याशी आम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी लपवलं, याचं वाटलं.

कलम

कायद्याचं थोडं, कारण "सहकारी" हा शब्द वाचून राहवलं नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मॉन्टगोमेरी खटल्यात कसोटीच बदलली. डॉक्टरमंडळी सहसा किती सांगतात यावर आता ठरत नाही. त्या पेशंटच्या जागी असलेल्या समजूतदार माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायला हवं. सर्जन पहिल्यांदाच करतोय, हे कोणाला महत्त्वाचं वाटणार नाही?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल तर थेट दुर्बिणीशी जोडलेला आहे. बाईंनी दुर्बिणीने तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. हेतू वाईट नसेल, पण जिवावर बेतलं नव्हतं, तेव्हा शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. कॅमेरा आत गेलाच आहे तर काम उरकून टाकू, हा मोह या तंत्रात फार सोपा आहे.

आणि इंग्लंडमधली २०१५ ची घटना: रोबोटने हृदयाची झडप दुरुस्त करण्याची तिथली पहिलीच शस्त्रक्रिया. मार्गदर्शनाला आलेले तज्ज्ञ अर्ध्यातून निघून गेले, पेशंट काही दिवसांनी दगावला. २०१८ च्या चौकशीत पुढे आलं की नेहमीच्या पद्धतीने केली असती तर तो बहुधा वाचला असता. तुम्ही इथले पहिलेच आहात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

यंत्रविद्या

मी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं होते, आता बाहेर आहे. आमच्या खोलीत काय बोललं जायचं ते सांगते.

औषध बाजारात आणायचं तर माणसांवर चाचण्या कराव्या लागतात. अमेरिकेत बरीचशी उपकरणं मात्र "आधीच्या मान्य उपकरणासारखंच आहे" एवढं दाखवून येतात. गर्भाशयातल्या गाठीचे तुकडे करून छोट्या भोकातून बाहेर काढणारं मॉर्सेलेटर असंच आलं. गाठ साधी असेल तर उत्तम. पण आत न ओळखलेला कर्करोग असेल तर फिरतं पातं त्याचे कण पोटभर उडवतं. औषधं आणि उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीए हिने एप्रिल २०१४ मध्ये अंदाज दिला: गाठीसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला असा छुपा कर्करोग असतो. त्याच वर्षी सर्वांत मोठ्या उत्पादकाने आपली यंत्रं मागे घेतली. तोवर ती वर्षानुवर्षं वापरात होती. हे उजेडात आणलं ते एका पेशंटने आणि तिच्या नवऱ्याने. दोघंही स्वतः डॉक्टर होते म्हणून त्यांना नेमकं काय झालं ते कळलं. बाकीच्यांना कळलंच नसेल.

रोबोटचंही तेच बघा. दा विंची नावाच्या रोबोटला पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता २००० मध्ये मिळाली. गुदाशयाच्या कर्करोगात रोबोट आणि साधी दुर्बीण यांची नीट तुलना करणारी रोलार चाचणी आली २०१७ मध्ये. ४७१ पेशंट, पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, दुर्बिणीत १२.२, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. सर्जनच्या मानेला आणि मनगटाला आराम आहे, ते मी नाकारत नाही. पण जाहिरातीतलं यंत्र पेशंटसाठी नवं असतं आणि पुरावा मागाहून चालत येतो.

पायवाट

गुडघ्याची दुर्बीणही यातच धरा. २००२ मध्ये अमेरिकेत १८० पेशंटवर चाचणी झाली. काहींना गुडघा झिजलाय म्हणून दुर्बिणीने साफ करून दिला, काहींना नुसत्या वरवर चिरा दिल्या, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच. माझी साफसफाई त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली, आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

रानवारा

इथे लिहावं की नाही, चार दिवस ठरत नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीला २०१६ मध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. दुर्बिणीने गर्भाशय काढलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, आम्ही सगळे किती खूश होतो. दीड वर्षाने तो परत आला. २०१९ मध्ये ती गेली. नंतर मी कुठेतरी वाचलं की उघडी शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित होती. डॉक्टर, मला खरं सांगा. आमचं चुकलं का? आम्हीच म्हणालो होतो, दुर्बिणीने करा, तिला डाग नको होता.

दुर्बीण

रानवारा, तुमचं चुकलं नाही. हे समजूत घालायला म्हणत नाहीये.

तुम्ही वाचलंत ती चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ६३१ बायका, निम्म्यांना दुर्बीण किंवा रोबोट, निम्म्यांना उघडी शस्त्रक्रिया. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण उघड्यात ९६.५ टक्के, दुर्बिणीत ८६. सगळ्यांना वाटलं होतं दोन्ही सारखंच निघेल. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २०१६ मध्ये तुमच्या बहिणीच्या सर्जनला हे माहीत नव्हतं, जगात कोणालाच माहीत नव्हतं. आणि दुर्बिणीतही बहुसंख्य बायकांचा आजार उलटला नाही, तसा उघड्यातही काहींचा उलटला. तिच्या बाबतीत नेमकं कशाने झालं हे कोणीही सांगू शकणार नाही.

चुकलं असेल तर आम्हा सर्जनांचं, आणि त्याच्या बरीच वर्षं आधी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आम्ही वेगळं वागलो होतो. नव्वदच्या दशकात दुर्बिणीच्या भोकांच्या जागी कर्करोग उगवल्याच्या काही नोंदी आल्या. तेव्हा अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेने सांगितलं, चाचणीबाहेर हे करू नका. ४८ रुग्णालयं आणि ८७२ पेशंट चाचणीत आले. भाग घेणाऱ्या सर्जनला निदान वीस केसचा अनुभव आणि न कापलेला व्हिडिओ दाखवावा लागायचा. निकाल २००४ मध्ये लागला: तीन वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्यात १८. मग आम्ही निर्धास्तपणे करायला लागलो. तेवढी कळ गर्भाशयमुखाच्या बाबतीत आम्ही सोसली नाही, आतड्याचं ठीक निघालं म्हणून इथलंही ठीकच असेल असं धरून चाललो.

जुने सर्जन, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. कोणीतरी पहिला असणारच. पण त्याला ते माहीत असावं, आणि त्याचा निकाल कुठेतरी लिहून ठेवलेला असावा. २००९ मध्ये नव्या शस्त्रक्रिया कशा तपासत न्याव्यात याची आयडियल नावाची चौकट मांडली गेली, तिचं सार हेच: कल्पना पहिल्या माणसावर करता त्या दिवसापासून नोंद, आणि फसलेल्याचीही नोंद. नाही तर पहिल्या तेरांनी सोसलेलं वाया जातं आणि दुसऱ्या गावातले पहिले तेरा पुन्हा तेच सोसतात.

जुना सर्जन

हे मान्य. आकड्यांसोबत केस किती अवघड होती हेही नोंदवा, मग माझी काहीच हरकत नाही.

भूलतज्ज्ञ

कापडी पडद्याच्या या बाजूला, पेशंटच्या डोक्याशी आम्ही बसतो. पोटात गॅस भरला की फुप्फुसावर दाब येतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं खाली किंवा वर केलेलं असतं. तासाभराची शस्त्रक्रिया तीन तासांवर गेली की ज्याचं हृदय कमजोर त्याला ते झेपत नाही. "सर, आता उघडा" हे वाक्य मी आयुष्यात काही वेळा बोललेय, आणि दर वेळी पोटात गोळा आला होता. एकदा बोलायला पंधरा मिनिटं उशीर केला. सर्जन नवीन होते, पाहुणे बघायला आले होते, व्हिडिओ चालू होता. पेशंट वाचला, पण अतिदक्षता विभागात नऊ दिवस होता. पोट उघडण्याला आपल्या बोलण्यात "फेल" म्हणतात ना, तो शब्द आधी काढा. "फेल गेली" ऐकायचं नसतं म्हणून लोक ताणत बसतात.

कवडसा

झालं माझं. विचारलं होतं सगळं. डॉक्टर आधी जरा थबकले, मग म्हणाले सहाशेच्या वर केल्यात आणि साधारण वीसेक उघडाव्या लागल्या. मीही त्या वीसांत गेले! खूप चिकटलेलं होतं, नळ्या वेगळ्या दिसत नव्हत्या, म्हणाले. शुद्धीवर आले तेव्हा पट्टी केवढी मोठी दिसली, पण धक्का बसला नाही, कारण असं होऊ शकतं हे आधी बोलून झालं होतं. घरचे मात्र विचारतात, "मग दुर्बिणीची बिघडली का?" त्यांना हा धागा वाचायला दिलाय.

दुर्बीण

कवडसाताई, तुमच्या सर्जनना माझा नमस्कार सांगा. खोकताना उशी पोटाशी धरा.

शेवटचं वर्ष

आज सरांना विचारून संमतीपत्र मी स्वतः भरलं. साठीच्या बाई होत्या, पित्ताशय. त्यांना सांगितलं, सुरुवात मी करणार, ही माझी अकरावी, सर समोर उभे असतील आणि नळी कापण्याआधी ते स्वतः बघतील. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर बाहेर तर जाणार नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सरही म्हणाले, नाही जाणार. मग त्यांनी पेन मागितलं.